आप्पांचा मूकपट

"आवाज बंद कर की रं, काय बोलत्यात ते दिसंना!" घरात कुणी टीव्ही लावला, की आप्पा ओरडत.

वडगावात चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात राहून त्यांचे कान गेले होते. तिथले जुने विणकर ओठांवरून बोलणं वाचतात. मी त्यांचा शेजारी; मीही आप्पांकडून ही विद्या शिकलो आणि दोन महिन्यांत स्वतःला पंडित समजू लागलो. माझा स्वभाव एव्हाना तुमच्या लक्षात आलाच असेल.

मूकपट दाखवायचं खूळही माझंच. रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी बांधायच्या आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा. त्या दिवशीच्या चित्रपटात एक कोवळं जोडपं होतं. चोरून प्रेम, घाईचं लग्न, पहिल्याच स्वयंपाकावरून भांडण. संवाद मात्र आप्पांचे. गोरा नायक गुडघ्यावर बसला, की आप्पा म्हणत, "ऊठ रं, तिचा बा आला!" सगळे खो-खो हसत. शेजारी त्यांची बायको, आमच्या आक्का. त्या दटावत, "त्या पोरीलाबी बोलू द्या की जरा."

आक्कांच्या पोटात गाठ होती. डॉक्टर तोंडाला मास्क लावतात, आप्पांना काही कळत नसे. म्हणून सकाळी रिपोर्ट घेऊन मीच गेलो होतो. आप्पांनी बजावलं होतं, "खरं काय ते मला सांग. तिला कळता कामा न्हाय. हसत जाऊ दे."

चित्रपट निम्मा झाला तेव्हा ते मागं वळले. नुसत्या ओठांनी विचारलं, "काय म्हणाला?"

लॅपटॉपचा उजेड माझ्या तोंडावर होता. मी एकेक अक्षर घोटून, बिनआवाजी सांगितलं, "इलाज न्हाय. दोन महिनं." किती स्वच्छ जमलं, याचा मला आनंदसुद्धा झाला हो!

आक्काही वळून बघत होत्या.

त्यांनी आप्पांच्याच यंत्रमागांच्या शेडमध्ये वीस वर्षं कांड्यांवर सूत भरलं होतं. दोघांचं लग्नही मागांच्या अल्याडपल्याड, ओठांवरच जुळलेलं. चित्रपटाआधी भाषणात हे मीच सांगितलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

पडद्यावर जोडप्याचा रुसवा निघाला. आप्पा गप्प. "आप्पा, बोला की!" मागून ओरडा सुरू झाला. आक्कांनी आप्पांकडे तोंड केलं, "बोला की ओ. लोकं खोळंबल्यात."



आक्का गेल्यावर मी तीनदा माफी मागायला गेलो. आप्पा बसायला जागा देतात, चहा सांगतात. मी तोंड उघडलं, की डोळे मिटून घेतात.