महांतप्पांनी न वाचलेला कागद

मुरुमच्या जगदेवीबाई सत्त्याऐंशीच्या आहेत. वडिलांचा विषय निघाला, की अजूनही आधी दार लोटून घेतात.

वडील महांतप्पा निजामाच्या कचेरीत कारकून. घरात कानडी, कामात उर्दू. रझाकारांच्या भीतीनं निम्मं गाव सोलापूरकडं पळालं, तरी ते हलले नाहीत. "ज्याचं मीठ खाल्लं त्याला पाठ कशी दाखवू?" म्हणायचे. त्यांनी कुणाला लुटलं नाही. पण त्या दिवसांतही रोज शेरवानी चढवून कामावर गेले, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात भारताची फौज आली. शेजारचं तांबोळ्याचं घर जळालं, माणसं परतलीच नाहीत. महांतप्पांवर बोट ठेवलं गावच्याच बसलिंगानं. नव्या साहेबानं कागद पुढं सरकवला, "रझाकारांना मदत करणाऱ्यांची नावं लिहा." त्यांनी लिहिली नाहीत. चार महिने कोठडी झाली, नोकरी गेली. जगदेवीची आई नीलम्मा विहिरीवर गेली, की बाया घागरी उचलून बाजूला सरायच्या.

पण कचेरीतली जुनी उर्दू दप्तरं नव्या लोकांना वाचता येईनात. मग शिपाई बोलवायला आला. आत यायची मनाई. ओसरीवर पोत्यावर बसून महांतप्पा ओळ न् ओळ वाचून दाखवायचे, दुसरा कारकून मराठीत उतरवून घ्यायचा. जगदेवी दुपारची भाकरी घेऊन जायची.

एका दुपारी एक अर्ज हाती आला. रझाकारांना दहा पोती ज्वारी दिल्याचं त्यात लिहिलेलं, खाली बसलिंगाची सही. तोच बसलिंग आत साहेबाशेजारी खुर्चीवर बसला होता.

महांतप्पा थांबले. "वाळवीनं खाल्लंय," ते म्हणाले, "वाचता येत न्हाय." आणि पान उलटलं.

जगदेवीला त्यांनीच उर्दू शिकवलं होतं; भाकरी देताना तिनंही तो अर्ज वाचला होता. वाटेत तिनं विचारलं, "अप्पा, अक्षर तर साफ होतं. तुम्ही खोटं का बोललात?"

"कोठडी म्या बघितलीय, जगदेवी."

"त्यानंच तुम्हाला धाडलं ना तिथं?"

"व्हय," एवढंच म्हणून ते चालत राहिले.

दप्तरं संपली तसं बोलावणंही संपलं. महांतप्पा लोकांचे अर्ज लिहून पोट भरत राहिले. बारा वर्षांनी गेले, तेव्हा मातीला सात माणसं होती. बसलिंगाला पुढं स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळाला, गावानं मिरवणूक काढली.

जगदेवीबाईंनी पोरांना उर्दूचं एक अक्षर शिकवलं नाही. अप्पांनी त्या दुपारी बरोबर केलं, असं त्यांना आजही वाटत नाही.