माझं वाक्य मॅडमच्या तोंडून

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी कितीतरी वेळा हडळ झाले आहे. तोंडाला पावडर फासून, केस मोकळे सोडून पुढे बसलेल्या बायांना किंचाळायला लावलंय. विंगेत तीच हडळ चहात बिस्किट बुडवून खाते, हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक! त्यामुळे तुमच्या या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी खो-खो हसायचे. आता माझाच पाठवतेय... हसायचं तर हसा बापा.

मी पवनीला राहते, पण माहेर करडीकडचं, ढिवराचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं घर. दिवाळी ते होळी नाटकं, बाकी वर्षभर शिलाई मशीन. मागच्या वर्षी धान कापणीला आलं होतं तेव्हा माझ्या माहेरच्याच तलावावर एका सिनेमाचं शूटिंग लागलं. गोष्ट एका ढिवरिणीची — नवरा डोंगा घेऊन जाळं टाकायला जातो तो परत येत नाही, आणि ती तलावाशी बोलते. त्या रोलसाठी मी ऑडिशन दिली होती. दिग्दर्शक सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बरं का! मग काही दिवसांनी फोन — "ताई, प्रोड्यूसरला ओळखीचा चेहरा हवाय. पण तुम्ही भाषेसाठी या ना."

म्हणजे रोल मुंबईच्या मॅडमला, आणि तिला बोलायला शिकवायचं मी! तरी गेले. काहून गेले? मला बघायचं होतं, ही बाई असं काय करते जे मला जमत नाही.

जळत होते मी. स्पष्ट लिहिते. तिचं लुगडं मी नेसवून द्यायची, आणि आरशात ते तिला शोभलं की मी निऱ्या मोडून पुन्हा घालायला घ्यायची. बरं, ती वाईट असती तरी सोय होती! पण ती गोड. आधी मला खुर्ची द्यायची, "ताई, तुम्ही जेवलात का?" विचारायची. त्यानं तर आणखीच आग व्हायची अंगाची.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय. झाडीपट्टीत तालमी थोड्या. विंगेत प्रॉम्प्टर बसतो, तो वाक्य पुटपुटतो, आम्ही उचलतो. कित्येक वर्षांची सवय. मॅडमला आमच्या बोलीतली वाक्यं पाठ होईनात, तेव्हा मी तेच सुरू केलं. कॅमेऱ्याच्या खाली बसायचं, हळूच वाक्य द्यायचं, तिनं उचलायचं. साउंडवाला सादिक नंतर माझा आवाज तेवढा कापून टाकायचा. रोज संध्याकाळी हेडफोन काढत हसून सांगायचा, "दीदी, आज भी आपको पूरा काट दिया."

शेवटचा मोठा सीन तलावातला होता. मॅडम एकटी डोंग्यात, कॅमेरा काठावर. तिच्या लुगड्यात छोटा माईक लपवलेला. ती एवढी दूर की प्रॉम्प्टिंगचा प्रश्नच नव्हता. मी सादिकच्या बाजूला उभी. वाक्य होतं — "दे माह्या माणसाले परत!" असं ओरडून.

मला ते वाक्य पहिल्यापासून खोटं वाटायचं. कारण माझे बाबा याच तलावातून परत आले नाहीत. मी लहान होते, मायच्या लुगड्याचा पदर धरून काठावर उभी होते. माय ओरडली नाही, छाती पिटली नाही. पाण्याकडे बघून हळूच म्हणाली, "भात झाकून ठेवला हाय जी... निवून राहिला." बस. त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ऑडिशनमध्येसुद्धा बोलले नाही. कधीतरी माझा म्हणून एखादा मोठा रोल येईल, त्यात हे वाक्य बोलायचं, असं ठरवून जपून ठेवलं होतं.

"ॲक्शन!" झालं. मॅडम डोंग्यात उभी राहिली... आणि गप्प. विसरली! काठावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. अडकली ना! मी असते तर... आणि तोंड घट्ट मिटलेलं असताना मनातल्या मनात मायचं ते वाक्य मी बोलले. सवयच ती, समोरचा अडला की वाक्य द्यायची.

सादिक दचकला. हेडफोनवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघू लागला. तिकडे मॅडमचे ओठ हलत होते.

"कट!" सर ओरडले. मग टाळ्या. कोणी डोळे पुसत होतं. सर म्हणाले, "हे कुठून सुचलं तिला? राहू द्या हेच!"

सादिकनं रेकॉर्डिंग मागे नेऊन हेडफोन माझ्या कानाला लावले.

"भात झाकून ठेवला हाय जी... निवून राहिला."

माझा आवाज. नाटकं करकरून घशात बसलेली माझी खरखर, शब्दामागून शब्द. "दीदी, आपने बोला क्या?" तो विचारत होता, पण त्यालाही माहीत होतं, मी त्याच्या बाजूलाच होते, तोंड बंद करून. आणि माईक तर तिकडे डोंग्यात!

मॅडम काठावर आली, तिचे हात थंडगार. मला म्हणाली, "ताई, मी काय बोलले? मला काहीच आठवत नाहीये."

"मले काय माहीत!" एवढंच म्हटलं आणि डोक्यावर पदर घेऊन निघून आले. रडू येत होतं. भीतीनं नाही हो... ते माझं होतं म्हणून.

सिनेमा आला. त्या सीनचं केवढं कौतुक! त्या एका वाक्यावरून मॅडमच्या मुलाखती. मायला आता दिसत नाही. तिच्या कानाशी फोन धरून मी तेवढा सीन लावला. मायनं तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाली, "तुह्या ध्यानात होतं व्हय गं?" सिनेमात दुसरी कोणी बोलतेय, हे तिला सांगून पाहिलं. तिला पटलं नाही.

या हिवाळ्यात मला पहिल्यांदा नाटकात मुख्य रोल मिळाला. त्यात नवरा जातो असा प्रवेश आहे. लेखकाला विचारून मी माझं वाक्य त्यात घातलं. बोलले, अगदी मायसारखं बोलले. पुढच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. मला वाटलं, चला, आलं बापा परत माझं माझ्याकडे.

नाटक सुटल्यावर एक बाई लेकराला कडेवर घेऊन मुद्दाम स्टेजमागं आली. माझा हात हातात घेतला. फार प्रेमानं म्हणाली, "ताई, त्या सिनेमातल्या हिरॉइनची डिट्टो नक्कल केली जी तुम्ही! आवाज बी तसाच काढला!"

ते वाक्य पाण्यावरून तिच्याकडे कसं गेलं, सादिकला कळलं नाही, मला कळलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा. फक्त मला नक्कल करणारी म्हणू नका.