रावजीचं घर आरे-वारेला

आयला, तीस दिवस! तीस दिवस रावजी भाटकर भर दुपारी अंगणात परातीपुढे बसला, आणि तीसही दिवस त्याचं भाट्यातलं घर हिशेबात उठून सहा मैलांवरच्या आरे-वारेला जाऊन बसलं.

रावजी बोटीवर सुकाणी होता. एकतीस वर्षं चाक धरलं. शेजारी ऑफिसर सेक्स्टंटने दुपारच्या सूर्याची उंची मोजायचे, जुन्या दर्यावर्द्यांसारखी कोष्टकं उलटायचे, बोट कुठे आहे ते सांगायचे. रावजीने यंत्राकडे नुसतं बघितलं तरी कप्तान म्हणायचा, "हे तुझं काम नव्हे. चाक सांभाळ." ते जिव्हारी लागलेलं. म्हणून निवृत्त झाल्यावर राजापूरला जाऊन त्याच कप्तानाकडून त्याने यंत्र महिनाभर मागून आणलं. एकदाच, स्वतःच्या हाताने, स्वतःचं घर कुठे आहे ते काढायचं होतं. आज महिना संपला. चार वाजता कप्तान यंत्र न्यायला येणार.

अंगणातून क्षितिज दिसत नाही, म्हणून परातीत खोबरेल ओतलेलं. तेलातला सूर्य आणि आभाळातला सूर्य यंत्रात एकमेकांवर आणायचे, आलेला कोन निम्मा करायचा, मग सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या किती दक्षिणेला ते कोष्टकात बघायचं. सगळ्या पायऱ्या बोटीवरच्या ऑफिसरच्या हिशेबाच्या जुन्या कागदावरून वहीत उतरवलेल्या. तरी उत्तर सहा मैल उत्तरेला!

"तेल भिकार, डोळे भिकार!" त्याने पेन्सिल भिरकावली. "कप्तान बोलायचा तेच खरं. माझं कामच नव्हे हे."

सून नम्रताने वही उचलली. "आबा, ही शेवटची 'वजा सहा' कसली?"

"डोळ्याची उंची गो. चाळीस फुटांवरून क्षितिज जरा खाली दिसतं. तेवढ्या सहा कला सूर्याच्या उंचीतून कापायच्या. एक कला म्हणजे एक मैल."

"पण तुम्ही तर पाटावर बसलाय. आणि परातीत क्षितिज कुठाय?"

रावजीने पाटाकडे बघितलं, मग परातीकडे. चाळीस फूट ही बोटीच्या ब्रिजची, चाक असतं त्या मजल्याची उंची! त्याने वही ओढली आणि पानामागून पान ते सहा खोडत सुटला. पहिलं पान, भाटे. सातवं, भाटे. तिसावंही भाटेच. एखादा मैल इकडेतिकडे, बस्स.

चारला कप्तान आला. "काय रावजी, जमलं का शेवटी?"

रावजीने वहीचं पहिलं पान पुढे धरलं.

"पहिल्याच दिवशी जमलं होतं, साहेब. तुमचा शब्द खरा मानून महिनाभर मी स्वतःलाच शिव्या घातल्या."