मिश्री सुटली तेव्हा

धायरीतली आमची शेतं बिल्डिंगांखाली गेली आणि आईचं चालणं थांबलं. मी नुकताच हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. सकाळी कंपनीची बस मला घेऊन जाई आणि आई चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसे. दोन-तीन वर्षांत तिला शुगर निघाली. चहातली साखर गेली, आंबा गेला. तिने कुरकुर केली नाही. राहिली ती मिश्री.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना घासायची. आमच्याकडच्या बायकांना ही सवय लहानपणीच लागे. भाजताना जिनाभर ठसका जाई. खालच्या मजल्यावर पेठेतून राहायला आलेल्या काकू वर येऊन विचारत, "काही जळतंय, की आपल्याकडे हे असंच असतं?" आईला टोमणा कळे. ती भाजत राही.

मग तिचे खालचे पुढचे दात हलू लागले. सिंहगड रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. साखर सतत वाढलेली राहिली की शरीरात घातक कण जास्त तयार होतात, त्यांना आवरणारी ताकद कमी पडते आणि हिरड्या, लोखंडाला गंज चढावा तशा, आतून खराब होत जातात, असं त्या म्हणाल्या. हिरड्यांची सूज उलट साखर वाढवते. तंबाखू त्यात तेल ओतते. "साखर आवरा, मिश्री सोडा. दात अजून वाचतील."

आईला कवळीची धास्ती होती. तिच्या सासूची कवळी लग्नाच्या पंगतीत ताटात पडली होती आणि सगळी भावकी हसली होती. तिने त्याच दिवशी डबी कचऱ्यात टाकली. मला तिचा फार अभिमान वाटला.

काही आठवड्यांत दात घासताना रक्त येऊ लागलं. पूर्वी कधी टिपूसही आला नव्हता.

"मिश्री व्हती तवर हिरड्या घट्ट हुत्या," आई म्हणाली. "तुज्या डॉक्टरनीनं सगळं इस्कटलं."

तिचा तर्क वेडगळ म्हणता येत नव्हता. बिघाड झाला की शेवटचा बदल आधी मागे घ्यायचा, हे आम्ही कंपनीतही करत होतो. तिने नवी डबी भरली आणि रक्त थांबलं. झालं, तिचंच खरं ठरलं. दवाखान्याचं नाव तिने पुन्हा काढू दिलं नाही.

दिवाळीत एक दात चकलीत राहिला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून आजारी हिरडीतूनही रक्त दिसत नाही, त्या म्हणाल्या. मिश्री सुटल्यावर आलेलं रक्त म्हणजे हिरड्या शुद्धीवर येत होत्या. तुम्ही तेव्हाच दाखवायला यायला हवं होतं. शेजारचे तीन दात त्यांना काढावे लागले.

हिरड्यांची सफाई झाली, मिश्री कायमची सुटली आणि पुढच्या तपासणीत साखर बरीच उतरली. मी खुशीत घरी येऊन सांगितलं. आई तोंडाला पदर लावून बसली होती.

"चांगलं झालं," ती पदराआडून म्हणाली. "पर रगात येनार हाय, भिऊ नगंस, एवढं मला कुनी आदी का सांगितलं न्हाई?"