साळूबाईचं नाक

साळूबाईचा चहा तिच्या हातात नव्हता, नाकात होता. मसाल्याचं माप तिनं कधी ठेवलंच नाही. खलबत्त्यात वेलची पडे, सुंठ पडे, मिरी पडे, आणि साळूबाई डोळे मिटून त्यावर वाके. नाक म्हणे अजून, तर अजून. नाक म्हणे बास, तर बास. खांदा कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या त्या टपरीत बावीस वर्षं हाच कायदा चालला.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी ताप आला आणि ते नाकच घेऊन गेला. ताप उतरला, खोकला थांबला, वास काही परत आला नाही. पुढ्यात आलं ठेचलं तरी पाणी ठेचल्यासारखं. तिनं कुणाला सांगितलं नाही. चहावालीला वास येत नाही हे कळलं, तर माणसं पेला तोंडाला तरी लावतील का? जुन्या मसाल्याचा डबा होता, त्यावर ती दिवस रेटत होती. रोज सकाळी त्यात बोट बुडवून बघायची. मसाला दुसऱ्या पेरापर्यंत होता, तो पहिल्या पेरावर आला. नवा कुटायचा तर कुणाला विचारून? डबा संपला की टपरी संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचं गुपित फुटलं ते एका रविवारी, मटणामुळे.

अब्राहम आपटेकर हे तिचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. बँकेतून निवृत्त झालेले, कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्रायली घरातले, कडक इस्त्रीतले. त्यांच्यात मटण खाल्लं की पुढचे काही तास दूध चालत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी हे एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगायची पाळीच आली नाही. ते बाकड्यावर टेकले, की आज घरी काय शिजलं ते साळूबाईला वासावरूनच कळे. मटण असलं, की न विचारता कोरा चहा पुढे येई: गवती चहा, गूळ आणि आल्याचा तुकडा. एरवी दुधाचा.

त्या रविवारी तिनं दुधाचा पेला पुढे केला.

अब्राहमभाऊंनी तो घेतला आणि वर साय धरेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"साळूबाई, आज घरी मटण होतं."

"मंग बोलायचं नाय का?" ती उसन्या तोऱ्यात म्हणाली.

"बावीस वर्षांत कधी बोललोय?"

साळूबाईचा गाळणीवरचा हात थांबला. लोखंड भरून कळंबोलीला निघालेला धर्मराज ड्रायव्हर शेजारीच बसला होता. त्यानं पेला ओढून घेतला. "द्या इकडे काका, आपल्याला सगळं चालतं!"

सगळे हसले. अब्राहमभाऊ हसले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी घरी ये. झिल्पानं बोलावलंय." आपण बोलावलंय हे त्यांच्या बायकोला, झिल्पावहिनींना, त्या दिवशी ते घरी गेल्यावर कळलं.

शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्या, की त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सरतो. झिल्पावहिनींनी मेणबत्ती लावली, अब्राहमभाऊंनी प्रार्थना म्हटली, आणि लवंग-दालचिनीनं भरलेली चांदीची डबी या हातातून त्या हातात निघाली. सरत्या शब्बाथचा गोडवा आठवडाभर पुरावा, म्हणून प्रत्येकानं तिचा वास घ्यायचा. डबी साळूबाईच्या हातात आली.

तिनं डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. 'लई झ्याक' म्हटलं असतं तर सुटली असती. पण यांच्या देवाची डबी हातात धरून खोटं कसं बोलावं?

"नाय येत," ती म्हणाली. "कायच नाय येत, वैनी. दोन महिनं झालं." आणि पदर तोंडाला लावून ती रडू लागली.

 मग अब्राहमभाऊ उठले. "डबा किती उरलाय?"

"नखाएवढा."

"झिल्पा, खलबत्ता काढ. वास मी घेतो."

साळूबाई रडता रडता थांबली. "तुमी? तुमाला काय कळतंय!"

"यांना भाकरी करपलेली कळत नाही गं," झिल्पावहिनींनी साक्ष दिली.

"तू फक्त सांग, वास कसा हवा. मी शोधतो."

वासाला शब्द कुठून आणायचे? साळूबाईनं माणसं सांगितली. "आदी गवती चहा. वीटभट्टीवर आई डालड्याच्या डब्यात उकळायची. दूध आमच्या वाडीत कुनाकडं? मंग मी कळंबोलीला ट्रकांच्या तळावर भांडी घासाया लागली. तिथं एक सरदारजी खिशातनं वेलची काढून दातानं फोडून पातेल्यात टाकायचा. वेलची तेवढीच पायजे, खिशातल्यासारकी. सुंठ-मिरी शेजारच्या हेतलबेनच्या सासूची, माजा घसा बसला तवा पुडी दिलती. घशाला कळली पायजे, पन ठसका नाय."

"आणि दूध?"

"ते टपरी टाकल्यावर. पयल्या दिवशी पिशवी फोडली नि आदी एक घोट मीच घेतला."

अब्राहमभाऊ वाकले, हुंगले, शिंकले. पुन्हा वाकले. "आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी चहा कंपनीची माणसं बाजारात फुकट चहा पाजायची. पुढे पत्ती परवडेना, म्हणून चहावाल्यांनी दूध-मसाला वाढवला. कंजुषीतून आलाय हा चहा."

"आसंल," साळूबाई बत्ता हाणत म्हणाली. "माज्यात पत्ती कमी, मानसंच लई पडली."

दुसऱ्या दिवशी पहिला पेला धर्मराजला. त्यानं घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"मावशी, चव बदलली."

साळूबाईनं पातेल्याची कड घट्ट धरली. "बिगडली?"

"तसं नाही. दालचिनी कुठून आली ह्याच्यात?"

ती तिनं घातलीच नव्हती. तिची पाठ वळली तेव्हा कुणी ती चांदीची डबी उघडून चिमूटभर खलबत्त्यात टाकली असेल, हे तिला आत्ता कळलं. लपवायचं बळ आता उरलं नव्हतं, आणि गरजही वाटेना.

"माजं नाक गेलंय रं, तापात. ह्यो मसाला अब्राहमभाऊंच्या नाकाचा हाय. दालचिनी त्यांच्या घरची."

धर्मराजनं उरलेला चहा एका दमात संपवला. मग रिकामा पेला त्यानं पुढे केला. "काकांना सांग, वेलची थोडी कमी पडली. आणि अजून एक दे."

दुपारी चारला रस्त्यापलीकडे कडक इस्त्रीचा शर्ट दिसला. रिक्षा आडव्या येत होत्या. अब्राहमभाऊंनी तोंडाशी दोन्ही हात धरले, आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी हाक दिली:

"साळूबाई, मटण!"

बाकड्यावरची माणसं खो खो हसली. साळूबाईनं दुधाचं पातेलं बाजूला सारलं आणि गवती चहाची पात हातात घेतली.