मेलेल्या काकाचा जुळा भाऊ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दादाला तर नाहीच. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं, तीच तर पंचाईत आहे.

माझा दादा जन्मापासून बहिरा. प्रताप नगरच्या आमच्या घरी संध्याकाळची हिंदी मालिका तो बघायचा, आणि टीव्हीशेजारी स्टुलावर बसून मी ती हातांनी सांगायची. त्यातल्या दुष्ट काकासाठी आमची घरगुती खूण होती — मिशीला पीळ. पण मालिकेत बोलणं ढीगभर, घडणं शून्य. किती सांगणार हो? एक दिवस कंटाळून मी काकाला मारूनच टाकलं. पडद्यावर बायका रडतच होत्या, खपून गेलं. दुसऱ्या दिवशी काका हजर — चहा पीत! दादानं माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं दोन बोटं जोडून दाखवली: जुळा भाऊ. दादा एवढा हसला की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून हासून राहिला वं तो?"

मग मला चटकच लागली. दादा पडद्यापेक्षा माझ्या हातांकडे जास्त बघायचा — कुणाला आवडणार नाही?

पुढे नवा टीव्ही आला. तीच मालिका त्यावर खाली संवादांच्या हिंदी अक्षरांसकट दिसते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. दादा रोज पेपर वाचतो. त्याला तेवढं पुरे होतं. मी काय केलं? अक्षरं बंद केली. आपल्या टीव्हीत ती सोय नाही, असं त्याला सांगितलं.

आणि खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे — बघा, किती वळसे घालतेय मी.

रविवारी दादा फुटाळा तलावावर आपल्या बहिऱ्या मित्रांत बसतो. तिथे त्यानं जुळ्या भावाची कथा ऐटीत रंगवली. मित्रांच्या घरी अक्षरं चालू होती. ते पोट धरधरून हसले — कथेला नाही, दादाला. तो घरी आला, चपला न काढताच माझ्यासमोर उभा राहिला. जुळा भाऊ आहे ना? मी म्हटलं, आहे. तुझे मित्रच अर्धवट वाचतात.

पुढच्या रविवारी तो माझ्यासाठी त्यांच्याशी भांडून आला. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

शेवटी मी अक्षरं चालू केली — आत्ताच सापडली म्हणून. दादानं मित्रांना घरी बोलावलं, मला पुढे केलं: हिनं शोधलं! सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्या टाळ्या त्या. मी हसून सगळ्यांना चहा दिला.

आता मी माहेरी गेले तरी दादा स्वतःच वाचतो, माझ्या आधी हसतो. परवा मधेच वळून त्यानं विचारलं, काकाचा तो भाऊ दिसत नाही बऱ्याच दिवसांत? चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. अक्षरांपेक्षा त्याचा अजून माझ्या हातांवर भरवसा आहे.

मी खुणेनं सांगितलं — इथे जवळच, कन्हानला गेला.

दादानं मान डोलावली आणि पुन्हा वाचू लागला.