ओळखीचा रकाना

"हात खाली! अगुदर वळखा, मंग मारा."

सरांनी माझं मनगट धरलं होतं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या बोटांत एवढा जोर असतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या हातात डास मारायची विजेची रॅकेट होती. आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडे. तिथे माझं मोटार वायंडिंगचं दुकान. दिवेलागणीला ट्यूबभोवती पाखरं जमली की रॅकेट फिरवायची, तडतड ऐकायची, जळका वास आला की अंगातला दिवसभराचा राग उतरायचा. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

"किडं हायेत सर ती."

"ह्ये एरंडावरच्या उंटअळीचं पाखरू हाय. ज्याचं नाव ठाव न्हाई त्याला मारून राह्यले तुमी, मिस्त्री!"

सर मूळचे हसनाबादकडचे, हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झालेले. शाळेतली शुद्ध भाषा त्यांनी खडूबरोबर शाळेतच ठेवून दिली होती. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. सगळे त्याला अर्धवट म्हणतात आणि अडलं की त्याच्याकडेच जातात.

त्या दिवशी त्यांनी माझ्या फळीवरचं किडे मारायचं यंत्र विकत घ्यायचं म्हणून उतरवायला लावलं. जांभळा दिवा आणि त्याभोवती करंट असलेली जाळी. म्हणाले, "जाळी काढा. उजेड तेवढा ठेवा."

"मंग त्येचा उपेग काय?"

"बसतील ना पाखरं. बघता येतील."

गिऱ्हाईकाच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजून मी जाळी उपटली, बॅटरी जोडली. काळी टेप संपली होती म्हणून वायरीला पिवळी गुंडाळली. ही पिवळी टेप लक्षात ठेवा.

फाल्गुन संपता संपता ऊन डोक्यात जायला लागलं की सरांचं काम सुरू व्हायचं. घरामागे दोरीवर पांढरी चादर, तिच्यापुढे तो दिवा, मांडीवर आखलेली वही. तारीख, वेळ, वारं, पंख मिटून बसलं की पसरून, नाव, आणि शेवटचा रकाना ओळखीचा. खात्री झाली तर निळ्या शाईत 'पटली', नाही तर लाल शाईत 'पटली नाही'. मी एकदा मोबाइलवर फोटो काढून नाव दाखवलं तर केवढ्यांदा खेकसले! "त्यो इचारलं की नाव फेकतो. मी काय फेकायला बसलोय? वळख पटल्याबिगर नाव लिवायचं न्हाई, बिलकुल न्हाई."

एक मातकट रंगाचं पाखरू तर तीन उन्हाळे लाल शाईतच राहिलं. चादर धुऊन धुऊन वैतागलेल्या काकू म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझी तरी वळख पटली का, लिव्हा तिथं." सर खोकला लागेपर्यंत हसले.

मीही संध्याकाळी जाऊन बसायला लागलो. शांत काम असेल असं वाटलं होतं. कसलं शांत! चादरीवर नुसती कत्तल असायची. पाली पाखरं जिवंत चावायच्या, खाली बेडूक तोंड वासून बसलेले, आणि सकाळी भिंतीशी नुसते पंख. मी पाल हाकलायला चप्पल उचलली की सर हात धरायचे. "ऱ्हाऊ द्या. तिला बराबर म्हाईत हाय ती काय खाऊन राह्यली. तुमाला न्हाई."

एकदा पाठीवर कवटीचं चित्र असलेलं थोराड पाखरू आलं. त्यांनी ते मुठीत धरलं तर ते चक्क उंदरासारखं चीं चीं ओरडलं. मी दचकून मागे सरकलो. सर म्हणाले, "मार बसायच्या आधी वरडतं बघा. ऐकणारा पाहिजे."

त्या वर्षी चैत्रात गावोगाव ड्रोनची आवई उठली. रात्री घरांवरून दिवे फिरतात, मागून चोर येतात, अमक्या वस्तीत बाईचा गळा कापला. दर तासाला मोबाइलवर नवीन. खरं-खोटं कोण बघतो? आम्ही बारा जणांनी गस्त घालायची ठरवली. मी काठीला पुढून लोखंडी कडं बसवून घेतलं. स्वतःच्या हातानं.

आठव्या दिवशी, रात्रीचे पावणेनऊ झाले असतील, नाल्याकाठच्या करंजापाशी जांभळा उजेड दिसला. कोणीतरी ओरडलं, "उतरलं रं, ड्रोन उतरलं!" आम्ही पळत सुटलो. सगळ्यांत पुढे मी. झाडांमध्ये पांढरं कापड ताणलेलं, त्याच्यामागे उजेड आणि कापडावर वाकलेल्या माणसाची सावली. माझ्या कानांत नुसता घूंघूं आवाज होता. "घावला साला, हाणा!" असं बोंबलून मी त्या सावलीच्या डोक्यावर काठी घातली.

सावलीनं उजवा हात वर केला. काठी हातावर बसली. वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"आरं, अगुदर..." एवढंच ऐकू आलं. मग मागच्यांच्या काठ्या पडल्या. कापड फाटलं, त्यातच माणूस गुंडाळला गेला, आणि आम्ही त्या गाठोड्याला तुडवलं. मीही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. थांबलो ते दिवा लाथेनं उडून माझ्या पायाशी आला तेव्हा. त्याच्या वायरीला पिवळी टेप होती.

मी ओरडून सगळ्यांना मागे ढकललं. कापड उघडलं. सरांचं तोंड रक्तानं भरलं होतं, हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता, आणि फाटक्या कापडावर अजून पाखरं येऊन बसत होती. करंज फुलला म्हणून ते त्या दिवशी घरामागे न बसता नाल्यावर गेले होते. मला म्हणाले होते दुपारी. मी ऐकलंच नव्हतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले.

माझ्याच टेम्पोतून त्यांना जालन्याला नेलं. लोक म्हणाले, मिस्त्री होता म्हणून सर वाचले. काकूंनी तर माझे पाय धरायला हात पुढे केले. तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तरी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी जमादार जबाब घ्यायला आले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

"सर, पहिली काठी कुणी घातली? आवाज तरी वळखला असंल."

सरांनी मान माझ्याकडे वळवली.

"अंधार होता सायेब," ते म्हणाले. "वळख पटली न्हाई."

तो हात काही नीट झाला नाही. बोटं मिटायची नाहीत, पेन धरता यायचं नाही. पुढचे दोन उन्हाळे नवीन वही मी लिहिली. ते सांगायचे, मी रकाने भरायचो. एकदा सगळा जीव गोळा करून मी म्हणालो, "सर, त्या दिवशी नाल्यावर मी..."

"टायम लिव्हा," ते म्हणाले. "आठ चाळीस. वारं न्हाई."

मी टायम लिहिला. भ्याडासारखा लिहिला.

यंदा माघात सर गेले. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी सगळ्या वह्या माझ्या हवाली केल्या. "तुमीच त्येंचा उजवा हात झाल्ते," म्हणाल्या. त्या मायेनं म्हणाल्या हो, पण मला ते वाक्य खायला उठतं.

घरी येऊन मी त्या वर्षाची जुनी वही उघडली. नाल्यावरच्या दिवशीचं पान. वर सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात सात पाखरं. आठव्या ओळीपासून अक्षर वाकडंतिकडं, डाव्या हातानं काढलेलं. दवाखान्यात बसून लिहिलं असणार. वेळ: आठ पन्नास. वारं: नाही. पुढे: 'माणसं, बारा. पहिली काठी पडद्याच्या पलीकडून.' नावाचा रकाना कोरा. आणि शेवटच्या रकान्यात निळ्या शाईत, कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलेलं: 'पटली.'

जमादाराला खोटं सांगितलं त्या माणसानं. वहीत सांगवलं नाही.

मी रडलो, आई गेली तेव्हाही एवढा रडलो नव्हतो. मग उठून निळं पेन शोधलं आणि त्या कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. शाई वाळू दिली. चपला घातल्या, वही काखेत धरली आणि काकूंच्या दाराची कडी वाजवली.